इयत्ता आठवी, विषय : बिबट्या

बोरिवलीतल्या एखाद्या सोसायटीच्या भिंतीवरून रात्री बिबट्या उतरतो, इकडेतिकडे बघतो आणि आल्या वाटेने परत जातो. दुसऱ्या दिवशी चॅनेलवर ती क्लिप अर्धा तास फिरते. लाल गोल, बाण, मागे ढोल आणि खाली पट्टी : 'बिबट्याचा थरार, नागरिक भयभीत'. भयभीत नागरिक गॅलरीत मोबाइल उगारून उभे.

सनसनाटी बातमी ओळखायला मुलांना शाळेतच शिकवा, असं हल्ली सगळे सांगतात. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतच्या शाळांना त्यासाठी वेगळं पुस्तक नको. ते संजय गांधी नॅशनल पार्कात (एसजीएनपी) शेपूट हलवत बसलंय.

धडा पहिला, 2004. त्या जूनमध्ये पार्कच्या आसपास हल्ल्यांमागून हल्ले झाले, माणसं गेली. भीती खरी होती. पण 'नरभक्षक' ओरडलं की मागणी एकच : पिंजरा लावा, लांब नेऊन सोडा. जुन्नर भागात नेमकं हेच झालं होतं आणि विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात दिसलं, की बिबटे असे हलवल्यावर माणसांवरचे हल्ले उलट वाढले.

धडा दुसरा, 2011. पार्कचे तेव्हाचे प्रमुख सुनील लिमये यांनी 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' सुरू केलं आणि चक्क वार्ताहरांची शाळा घेतली. बिबट्या दिसला म्हणजे हल्ला झाला नाही. कचरा साचला की कुत्री येतात, कुत्र्यांमागे तो येतो. वार्ताहर शिकले की! (चॅनेलचा डेस्क त्या दिवशी गैरहजर असावा.) 2001 ते 2011 च्या इथल्या बिबट्याच्या बातम्या तपासणारा शोधनिबंधही 2013 मध्ये निघाला. आठवीच्या वर्गाला यापेक्षा चांगला प्रकल्प कुठला?

फक्त मुलांना 'सगळं खोटंच असतं' एवढं शिकवून सोडू नका. ऑक्टोबर 2022 मध्ये आरे कॉलनीत बिबट्याच्या हल्ल्यात एक तान्ही मुलगी गेली. पाड्यावरच्या आईची भीती आणि अठराव्या मजल्यावरचा 'थरार' यांतला फरक कळला, तर पैकीच्या पैकी मार्क.

नापास होणार ते पालक. एआयने बनवलेला लिफ्टमधला बिबट्या ग्रुपवर 'काळजी घ्या' म्हणून पुढे ढकलणारे हेच. मात्र आठवीतल्या मुलीला त्याच ग्रुपवर मागच्या गेटजवळच्या कचऱ्याचा फोटो टाकू दे. अ‍ॅडमिन दोन मिनिटांत तो डिलीट करील. सोसायटीची बदनामी होते ना!