घड्याळाशेजारची पाटी

ऑफिसच्या संगणकावर वॉलपेपर बदलू देत नाहीत. पासवर्ड मात्र सतत बदलायला लावतात. मग आतल्या कलावंताने जायचं कुठे? उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे!

विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये 'रीजन', तिथे 'ॲडिशनल सेटिंग्ज', आणि मग 'टाइम'. 'एएम' आणि 'पीएम' यांच्या चौकटीत चक्क हवं ते लिहिता येतं. एक्सपीच्या जमान्यात सायबर कॅफेत बसून पोरं तिथे आपलं नाव टाकून जायची, गडाच्या तटावर कोरतात तसं. आता वय वाढलं, तशी अभिव्यक्तीही प्रगल्भ झाली. दुपारपर्यंत '११:४२ चहा?', नंतर '४:१० निघू का'.

गंमत अशी, की हा मजकूर घड्याळापुरता राहत नाही. फोल्डर उघडा, प्रत्येक फाइलीच्या वेळेपुढे तोच. लेखापरीक्षणाची फाइल शेवटची केव्हा बदलली? '५:२५ निघू का'. आणि याच पडद्याचा स्क्रीनशॉट साहेबांना पुराव्यादाखल जातो!

सेकंदांची हौस मात्र महागाची. विंडोज ९५च्या चाचणी-आवृत्तीत सेकंद दिसत, मधली टिंबंही लुकलुकत. पण ४ एमबी मेमरीच्या यंत्रांना तेवढंही पेलेना, म्हणून काढून टाकलं. विंडोज ११मध्ये सेकंद परतले, तेही 'जास्त वीज लागेल' अशा तंबीसह. आमच्याकडे ते सगळ्यांनी लावलेत. साडेपाचला किती सेकंद उरले, हे कळायला नको?