अर्जित रजा

आई-बाप असण्यातून पगारी रजा कोणत्याही सरकारनं आजवर दिलेली नाही. फ्रान्सनंही नाही; आणि रजेच्या बाबतीत फ्रान्सचा हात धरणारे देश फार नसतील. 1936 च्या जूनमध्ये, कारखान्या-कारखान्यांतून संप चालू असताना, लेआँ ब्लुम यांच्या सरकारनं कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची पगारी रजा देणारा कायदा केला. रजा मिळाली, पण जायचं कशानं? म्हणून लेओ लाग्रांज या तरुण उपमंत्र्यानं रेल्वेच्या तिकिटात 40 टक्के सवलत मिळवून दिली आणि आयुष्यात कधी समुद्र न पाहिलेली माणसं तंबू-सायकली घेऊन किनाऱ्याकडे निघाली. मग 1956 मध्ये तिसरा आठवडा आला, 1969 मध्ये चौथा, 1982 मध्ये पाचवा.

हे सगळं मी गाडीत मोठ्यानं सांगितलं, तेव्हा बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "साठवता येते का?" जिल्हा परिषदेत अख्खी नोकरी आस्थापना शाखेत काढलेला माणूस. किरकोळ, अर्जित, परावर्तित, वैद्यकीय ही रजेची कुळं त्यांना गोत्रासारखी पाठ. आई मागून म्हणाली, "मला आधी पहिली मिळू दे, मग साठवायचं बघू."

आम्ही राहतो नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला. आई-बाबा उन्हाळ्यात सांगलीहून आले होते. थोरली सहा वर्षांची, धाकटा तीन. अशा वयाची मुलं असली की इथले सहकारी एकच सल्ला देतात: फ्रान्समधला हॉलिडे पार्क गाठा. म्हणून सात जणांची गाडी भाड्यानं घेऊन आम्ही आठ-नऊशे किलोमीटरवरच्या वाँदे जिल्ह्याकडे, सँ-झाँ-द-माँच्या किनाऱ्याकडे निघालो होतो. शनिवारी. कारण हे पार्क शनिवार ते शनिवार भाड्यानं मिळतात. त्यामुळे जुलै-ऑगस्टच्या शनिवारी अर्धा युरोप एकाच वेळी रस्त्यावर असतो. 1975 च्या उन्हाळ्यात अशाच एका शनिवारी फ्रान्सभर मिळून सुमारे 600 किलोमीटरची वाहनकोंडी झाली होती. पुढच्या वर्षापासून सरकारनं 'बिझाँ फ्युते' नावाचं वाहतुकीचं पंचांगच काढलं. त्यात दिवसाला हिरवा, नारिंगी, लाल किंवा काळा रंग असतो. आमचा दिवस लाल होता. बाबांनी समाधानानं मान डोलावली. मुहूर्त बघून निघणारा देश त्यांना एकदम पटला.

पार्क पाइनच्या बनात होता. एकोणिसाव्या शतकात वाळूच्या टेकड्या सरकू नयेत म्हणून लावलेली ही झाडं. त्यांच्याखाली आता शेकडो मोबिल-होम ओळीनं उभी असतात. मोबिल-होम म्हणजे पत्र्याच्या अंगाचं, लाकडी ओट्याचं, आगपेटीसारखं नेटकं घर. कायद्यानुसार ते 40 चौरस मीटरपेक्षा मोठं नसावं आणि हलवता येण्याजोगं असावं. बाबांनी सामान उतरवायच्या आधी वाकून खाली पाहिलं. चाकं होती. चाकांत कोळ्याचं जाळं होतं, जाळ्यात मागच्या वर्षीच्या पाइनच्या सुया होत्या. "कागदोपत्री चालू आहे," ते उठत म्हणाले.

आत भिंतीवर सामानाची यादी चिकटवलेली. काटे सहा, सुऱ्या सहा, वाइनचं बूच काढायचं यंत्र एक, आणि सॅलडची पानं गरगर फिरवून कोरडी करायचं प्लॅस्टिकचं भांडं एक. सांडशी नाही, कढई नाही, पोळपाट नाही, पण पानं वाळवायची सोय आहे. आईनं ते भांडं उलटसुलट करून पाहिलं, दोरी ओढून फिरवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात पोहे भिजवून निथळत ठेवले. पोहे आम्ही आणले होते. कुकरही आणला होता. हसण्यासारखं काही नाही; शेजारच्या डच कुटुंबानं घरून बटाट्यांची गोणी आणली होती. जवळच्या न्वारमुतिए बेटावरचे बटाटे सगळ्या फ्रान्समध्ये नावाजलेले आहेत, तरी ते आपले घरचे सोलत बसले होते. आईनं त्यांच्याकडे आणि त्यांनी आईच्या कुकरकडे एकाच आदरानं पाहिलं.

बाबांची अडचण वेगळी होती. सहल म्हणजे पॉइंट, ही त्यांची धारणा. महाबळेश्वरला गेलं की आर्थर सीट, केट्स पॉइंट, सूर्यास्त, वहीत नोंद, परत. सांगलीच्या कट्ट्यावर "काय काय पाहिलंत?" हा प्रश्न येणार हे त्यांना ठाऊक होतं. पहिल्या सकाळी ते बूट घालून, वही खिशात घेऊन ओट्यावर तयार.

"आज काय बघायचं?"

"बाबा, इथंच असतं सगळं. तलाव, घसरगुंड्या, संध्याकाळी मुलांचा नाच."

"म्हणजे फ्रान्सला येऊन फ्रान्स बघायचाच नाही?"

मी काही बोलायच्या आत धाकट्यानं त्यांचं बोट धरून त्यांना कचऱ्याची विजेवरची गाडी बघायला नेलं. ती रोज सकाळी येते, आवाज करत नाही आणि तिच्या मागं पिवळा दिवा फिरतो. बाबांच्या वहीत पहिली नोंद तीच झाली असावी. मला वही दाखवली नाही.

पॉइंट नव्हते, पण नियम होते, आणि नियम म्हटल्यावर बाबांना हुरूप येतो. तलावाच्या फाटकाशी जीवरक्षक म्हणून वीस-एक वर्षांचा पोरगा उभा होता. त्यानं नवऱ्याला आणि बाबांना दोघांनाही अडवलं. बाजूच्या पाटीवर सैल हाफपँटचं चित्र, त्यावर लाल फुली. फ्रान्सच्या बहुतेक तरणतलावांत असंच असतं: जी चड्डी घालून माणूस दिवसभर बाहेर हिंडू शकतो, ती पाण्यात नको, तिच्यासोबत बाहेरची घाण येते. अंगाला घट्ट बसणारी तोकडी चड्डीच हवी. ती तिथंच काउंटरवर विकायलाही ठेवलेली. नवरा गुडघ्यापर्यंतच्या फुलाफुलांच्या पँटमधून त्या टीचभर निळ्या चड्डीत आला तो टॉवेल गुंडाळून, भिंतीच्या कडेकडेनं. बाबा मात्र छाती काढून आले.

"अहो जावईबापू, टॉवेल सोडा! कृष्णेच्या घाटावर आम्ही लंगोटावरच पोहायला शिकलो. मग शाळेत पीटीचे सर आले आणि म्हणाले, सभ्य माणसं हाफपँट घालतात. त्यानंतर सगळं बिघडलं. हा पोरगा बरोबर सांगतोय." त्यांनी जीवरक्षकाला सलाम ठोकला. पोरानंही ठोकला. दुपारपर्यंत आजोबा लहान मुलांच्या घसरगुंडीच्या रांगेत, आपला नंबर सोडायला तयार नाहीत, अशी परिस्थिती.

पार्कवाल्यांनी आई-बापांना थोडी रजा देण्याचा प्रयत्न केलेला असतो, हेही खरं. सकाळी दोन तास मुलांचा क्लब. मुलं सोडा आणि मोकळे व्हा. फक्त आमच्या पार्कात क्लबचं वय चार वर्षांपासून सुरू व्हायचं आणि धाकटा तीनचा. थोरली गेली. तिला फ्रेंच येत नव्हतं, तिच्या मैत्रिणीला फ्रेंचशिवाय काही येत नव्हतं. दोघींचं दोन तास अखंड भांडण आणि अखंड सख्य चालायचं. क्लबच्या कुंपणाबाहेर बाकावर मोकळे झालेले आई-बाप बसलेले. इंग्लिश, डच, फ्रेंच. सगळे कॉफी पीत होते आणि सगळे कुंपणातून आपापल्या मुलांकडे बघत होते.

बाकीचं काम जिथल्या तिथं. उलट थोडं जास्तच. घरी भांडी घासायचं यंत्र आहे, इथं नाही. कपडे धुवायला ऑफिसातून टोकन आणायचं. मुलांच्या कानातून निघणारी वाळू, ओट्याच्या कठड्यावर न वाळणारे पोहण्याचे कपडे, दर दोन तासांनी लागणारी भूक. दुसऱ्या की तिसऱ्या सकाळी मी सवयीनं ओरडले, "सँडल घाला लवकर, नाहीतर..."

"नाहीतर काय?" थोरलीनं विचारलं. उद्धटपणे नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

मी उत्तर शोधलं. शाळेची घंटा नव्हती. पाळणाघराचं फाटक बंद होणार नव्हतं. आगगाडी चुकणार नव्हती, मीटिंग नव्हती. नाहीतर काहीच नाही. धाकटा पायरीवर बसून डावा सँडल उजव्या पायात घालत होता. पट्टा उलटा गेला, त्यानं काढला. पुन्हा घालताना त्याला पट्ट्यावर मुंगी दिसली. मुंगी कुठं जाते ते पाहणं ओघानं आलं. ती बोटावरून मनगटावर, मनगटावरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून पायरीच्या फटीत गेली. मग सँडल. घरी रोज हेच चालतं आणि रोज मी त्यात हात घालून पट्टा खेचून लावते. मुंगी मला कधी दिसलेलीच नसते. आम्हाला कामानं थकवलेलं नाही. काम करता करता सतत 'चल चल चल' म्हणत राहावं लागतं, त्यानं थकवलंय. ब्लुमसाहेबांनी कामगाराला कामातून सोडवलं. पण मुलाला अंघोळ घालण्यातून कोणाला कायमचं सुटायचं असतं? सुटका हवी असते ती अंघोळीनंतर लगेच पुढचं काहीतरी असण्यातून.

एकदा हे कळल्यावर पार्कातले बाकीचे लोकही वेगळे दिसायला लागले. प्लॅस्टिकच्या टोपल्यात भांडी घेऊन सामायिक धुण्याच्या जागेकडे निघालेले तंबूवाले बाप वाटेत दोनदा थांबून गप्पा मारायचे. पाव आणायला आजोबा आणि नातू गेले की पाच मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागायचा आणि बगेतचं टोक वाटेतच खाल्लेलं असायचं. हा गुन्हा फ्रान्समध्ये सर्रास होतो. त्या पावाच्या कलेला 2022 मध्ये युनेस्कोनं वारशाचा मान दिला; आईचा निकाल मात्र असा: "दातांची परीक्षा आहे, पण चहात बुडवला की बरा." फ्रेंच लोकही सकाळी तो कॉफीच्या वाडग्यात बुडवतात, हे कळल्यावर तिचा युनेस्कोवर विश्वास बसला.

घड्याळानंच साथ सोडली ती संध्याकाळी. आईचा नेम असा की दिवेलागणीला मुलांनी हातपाय धुऊन शुभं करोति म्हणायचं. जुलैत त्या किनाऱ्यावर सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. देश पश्चिमेला आणि घड्याळ बर्लिनचं: 1940 मध्ये जर्मन फौजांनी काटे पुढे केले ते युद्धानंतरही तसेच राहिले, वर उन्हाळ्याचा आणखी एक तास. साडेआठला पार्काच्या मंचावर मुलांचा डिस्को लागायचा. गेंड्याच्या की पाणघोड्याच्या वेषातलं कोणीतरी घामाघूम होऊन नाचायचं, दोनशे मुलं त्याच्यामागं. साडेनऊला आम्ही मुलांना अंथरुणात घालायचो तेव्हा धाकटा खिडकीकडे बोट दाखवून म्हणायचा, "दुपार आहे." शेवटी आईनं शास्त्र वाकवलं. दिवेलागण सूर्यावर नसून जांभईवर अवलंबून असते, असं ठरलं.

बाबांना पेतांक सापडला तोही याच लांबलेल्या उजेडात. लोखंडी गोळे, खडीचं अंगण, पुढं टाकलेली एक लाकडी गोटी. जो गोटीच्या जवळ तो जिंकला. 1907 च्या सुमारास दक्षिणेतल्या ला सिओता गावी सांधेदुखीनं धावता न येणाऱ्या एका जुन्या खेळाडूसाठी हा प्रकार निघाला, असं सांगतात. पाय जमिनीत रोवून उभं राहायचं आणि फेकायचं. गुडघे गेलेल्यांसाठीच काढलेला खेळ आपण आजवर खेळलो नाही, याची बाबांना हळहळ वाटली. शेजारचे डच आजोबा, नांतचे एक निवृत्त फ्रेंच गृहस्थ आणि बाबा, तिघांत सामाईक भाषा एकही नाही. अंतरावरून वाद झाला की फ्रेंच गृहस्थ खिशातून टेप काढायचे, बाबा वाकून वीत लावायचे, आणि टेपनं वितीला दुजोरा दिला की बाबा आमच्याकडे वळून बघायचे.

एक पॉइंट तरी बघू, म्हणून आम्ही ग्वाच्या रस्त्याला गेलो. न्वारमुतिएला जाणारा हा चार किलोमीटरांहून लांब दगडी रस्ता दिवसातून दोनदा समुद्राखाली जातो. 1971 पासून बेटावर जायला पूल आहे, पण लोक ओहोटीची वेळ बघून अजून इकडून जातात. भरतीत अडकलेल्यांना चढून बसायला वाटेत खांबांवर मचाणं आहेत. वेळापत्रक फाटकाशी लावलेलं: ओहोटीच्या आधी दीड तास, नंतर दीड तास. बाबांनी ते वहीत उतरवून घेतलं. पण कडेच्या चिखलात बायका-पुरुष खुरपी आणि बादल्या घेऊन शिंपल्या वेचत होते. रत्नागिरीच्या माहेराला जागून आई एका बादलीत डोकावली, "तिसऱ्याच की गं या!" म्हणाली आणि उतरली. तिच्यामागं थोरली, थोरलीमागं धाकटा. दीड तास कधी संपला कळलं नाही. पाणी दगडांवर चढायला लागलं तेव्हा आमच्याकडे नऊ शिंपल्या होत्या आणि बेट पलीकडेच राहिलं होतं. बाबा गाडीला टेकून पाणी चढताना बघत होते. मला वाटलं, चिडले असतील. "रस्ता बुडताना पाहिला," ते म्हणाले. "बेट काय, कोणीही बघतं."

घाई परतली ती शेवटच्या सकाळी, बरोबर आठला. दहापर्यंत घर रिकामं आणि झाडून-पुसून हवं, नाहीतर अनामतीतून पैसे कापणार. काटे मोजा, सुऱ्या मोजा. सॅलडच्या भांड्याच्या जाळीत अडकलेला पोह्याचा दाणा आईनं टोकदार सुरीनं काढला. धाकट्याचा सँडल मी पट्टा खेचून लावला. त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी वरिष्ठांनी रजा अर्ध्यावर रद्द केल्यावर कारकून बघतो.

आणि दिवस काळा होता. नांतच्या पुढं सगळं ठप्प. पुढं डच कॅरव्हॅन, मागं बेल्जियन सायकली, शेजारी छतावर होडी. सगळ्यांनी सकाळी आठपासून पळापळ केली होती ती इथं येऊन उभं राहायला. इंजिनं बंद झाली, दारं उघडली. आईनं बगेत चिरून त्यात बटाट्याची भाजी भरली. थोरलीनं शेजारच्या गाडीतल्या मुलीला खिडकीतून जीभ दाखवली, तिनंही दाखवली, ओळख झाली.

बाबांनी वही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि मला विचारलं, "परतीच्या प्रवासाचा दिवस रजेत धरायचा की हजेरीत?"

"बाबा, ज्यांना मुलं आहेत त्यांचा हजेरीतच."

"मग आजचा भत्ता लागू होतो," असं म्हणून त्यांनी दुसऱ्या सँडविचसाठी हात पुढे केला.