विषय क्रमांक ७

आमच्या सोसायटीतला एक मित्र महिनाभर भेटेल त्याला एकच प्रश्न विचारतोय, "घ्यावी का रे?" घ्यायची आहे २००५ सालची पोर्शे बॉक्स्टर. दोन माणसांची, टप उघडणारी, मुंबईत तिसऱ्या मालकाकडे पडलेली. किंमत नव्या कोऱ्या क्रेटाएवढी. मित्राचं वय चोपन्न, कमरेचे दोन मणके सरकलेले. म्हणजे सस्पेन्शन दोघांचंही तपासून घ्यायला हवं.

"घ्यावी का" हा प्रश्न मराठी नवरा दोन प्रकारे विचारतो. वस्तू घ्यायची नसेल तर बायकोला, घ्यायची असेल तर बाकी सगळ्यांना. वहिनींना अजून विचारलेलं नाही.

त्याने एक्सेल शीट केली आहे, आणि खर्चाच्या बाजूला काहीही लपवलेलं नाही, हे मान्य करायला हवं. वीस वर्षं उलटलेल्या आयात चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून ८० हजार रुपये झाली. ती लिहिली आहे. वर पर्यावरण कर, तोही आहे. टायर नवे दिसतात, पण त्यांच्या कडेवर '१४१२' हे चार आकडे आहेत. म्हणजे जन्म २०१२ सालचा, चौदाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत, रबराचं लाकूड. नवे चार टायर, लिहिले. आणि सगळ्यात खाली, जमेच्या बाजूला एकच ओळ आहे : 'आनंद'. टायरची जन्मतारीख कळली त्या रात्री आनंद दीड लाखाने वाढला.

विकणारा म्हणतो, "फक्त ३१ हजार किलोमीटर चाललीय, साहेब." वीस वर्षांत ३१ हजार म्हणजे दिवसाला चार किलोमीटर. आमच्याकडचे आजोबा सकाळ-संध्याकाळ मिळून त्याहून जास्त चालतात, आणि त्यांचे सांधे मोकळे आहेत. बंद बरणीत लोणचं टिकतं. उभ्या गाडीची रबरं वाळतात.

मित्राने ओळखीच्या गॅरेजवाल्याला पुण्याहून सोबत नेलं. त्याने पुढचं झाकण उघडलं, खाली डिकी. मागचं उघडलं, तिथेही डिकी. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, इंजिन आधीच विकलंय का?" इंजिन सीटच्या पाठीमागे, झाकणांखाली दडवलेलं असतं. तेल मागच्या डिकीतून ओतायचं आणि इंजिन आहे यावर श्रद्धा ठेवायची.

खरी गंमत मात्र बेअरिंगची. त्या काळच्या या इंजिनांत क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टकडे पोचवायला मधे एक जादा शाफ्ट असे. त्याच्या टोकाचं बेअरिंग गेलं की व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची गाठ पडू शकते, आणि मग इंजिनाचे तेराव्याचे लाडूच. अमेरिकेत यावरून मालकांनी सामूहिक दावा लावला. त्यात गोळ्यांच्या एकेरी रांगेचं बेअरिंग मोडण्याचं प्रमाण सुमारे आठ टक्के निघालं, जुन्या दुहेरी रांगेच्या बेअरिंगचं एक टक्क्याहून कमी. पुढे कंपनीने मोठं, जास्त टिकाऊ बेअरिंग बसवलं, पण ते बदलायचं तर अख्खी क्रँककेस उकलावी लागते. २००९च्या मॉडेलपासून तो शाफ्टच काढून टाकला. आपली गाडी नेमकी २००५ची, ऐन सांध्यावरची. हिच्या पोटात छोटं एकेरी आहे की मोठं, हे खात्रीने कळायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. विकणारा म्हणतो, आधी घ्या, मग उतरवा.

"म्हणजे ब्याण्णव टक्के ठीक आहे की!" मित्र म्हणाला. हाच माणूस पावसाची शक्यता वीस टक्के असली तरी छत्री घेऊन निघतो.

पावसावरून आठवलं. टपावरचं पाणी वाहून न्यायला दोन्ही बाजूंना बारीक नळ्या असतात. त्या पानांनी तुंबल्या की पाणी आत शिरतं आणि सीटखालच्या इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत पोचतं. म्हणजे दर मे महिन्यात नालेसफाई आली. गाडी मुंबईची, तिला तुंबायची सवय असणार, असं मित्राचं म्हणणं.

मी सगळे आक्षेप इतक्या शहाणपणाने मांडले, की मलाच गप्प करायला त्याने दुसऱ्या खेपेला सोबत नेलं. कोस्टल रोड, टप खाली. सहा सिलिंडर, तीन-तीन समोरासमोर आडवे पडलेले, माझ्या पाठीपासून हातभर अंतरावर. बोगद्यात वेगमर्यादा ताशी ६०. ती त्याने काटेकोर पाळली, दुसऱ्या गिअरमध्ये. बोगदा सुमारे दोन किलोमीटरचा आहे. आत शिरताना मी बेअरिंगबद्दल एक वाक्य सुरू केलं होतं. ते अजून पुरं झालेलं नाही.

परतीच्या वाटेवर, लोणावळ्याच्या चहावर, मीच म्हणालो, "आनंदाचा आकडा जरा कमी धरलायस."

आता अडचण एकच उरली होती. गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम दहा सेंटिमीटरवर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधकही दहा सेंटिमीटरच उंच असतो, पण ३.७ मीटर रुंद, पाठ थोपटल्यासारखा. आमच्या फाटकाजवळचा सोसायटीने उरलेल्या सिमेंटात एका रात्रीत उरकलेला आहे. मित्र रात्री साडेअकराला टेप घेऊन त्याच्यापाशी उकिडवा बसलेला वॉचमनने पाहिला आणि रजिस्टरमध्ये नोंद केली.

काल फलकावर वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस लागली. विषय क्रमांक ७ : फाटकाजवळील गतिरोधकाची उंची कमी करणे. कारण : ज्येष्ठ नागरिकांच्या मणक्यांची सुरक्षितता. सूचक मित्र, अनुमोदक मी. खाली सचिव म्हणून वहिनींची सही.

सही करताना त्यांनी काहीच विचारलं नाही, असं मित्र सांगतो. तेव्हापासून तो जरा गप्प गप्प आहे.