सात दिवस कुपाच खायचा?

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपच्या समुद्रात स्नॉर्केलिंगला उतरले. मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी त्यावर वाटेल ते लिहून निलंबन ओढवून घेतलं आणि इकडे सोफ्यावर बसल्या बसल्या आपल्या देशभक्तीला भरती आली. लक्षद्वीपचा शोध ३,४०० टक्क्यांनी वाढल्याचं मेकमायट्रिपने जाहीर केलं. शोधायला काय, अंगठा हलवला की झालं. जायचं म्हटलं तर परवाना हवा, कोचीहून सुटणाऱ्या बोटीत जागा हवी, बेटावर खोली हवी. बेटं छत्तीस आहेत खरी, पण या तिघांचे छत्तीस गुण काही जुळत नाहीत.

मग सवाल येतो, आपल्याच देशात परवाना कशाला? विचारणारा कोण, तर ज्याच्या सोसायटीत सख्ख्या मामालाही गेटवरच्या वहीत नाव, वेळ आणि फ्लॅट नंबर लिहावा लागतो तो. लक्षद्वीपची सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर. वस्ती दहा बेटांवर. २०११ च्या जनगणनेत माणसं ६४,४७३, त्यातली बहुतेक अनुसूचित जमातीची. बाहेरच्यांनी तिथे येण्या-राहण्यावर बंधनं घालणारे नियम १९६७ पासून आहेत. ते नसते तर काय झालं असतं, हे बघायला कळंगुटपर्यंत गेलं तरी पुरे.

खोल्या नाहीत या ओरडीवरचा उपायही तयार आहे. सुहेली, कदमत, मिनिकॉय इथे लगूनच्या पाण्यावर खांब रोवून व्हिला बांधायच्या. मालदीववर बहिष्कार टाकायचा आणि मालदीवच इकडे आणायचं! या व्हिलांमधल्या शॉवरला पाणी कुठून येणार, हे मात्र कोणी विचारू नये. या बेटांच्या वाळूत पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थर धरून तरंगतं आणि विहिरी त्या थरावर चालतात. जरा जास्त उपसा झाला की खालचं खारं वर येतं. कवरत्तीला २००५ मध्ये समुद्राचं पाणी गोडं करणारा, दिवसाला एक लाख लिटरचा प्रकल्प उभारावा लागला. आणि आमचा पाहुणा? समुद्रातून बाहेर आल्यावर एक आंघोळ, जेवणाआधी एक आणि झोपताना ‘चिकचिक होतंय’ म्हणून तिसरी.

प्रवास मात्र बघण्यासारखा असतो. कोचीहून बोटीने चौदा-अठरा तास. लगून उथळ, म्हणून मोठी बोट बाहेरच थांबते आणि तिच्या कुशीला छोटी होडी येऊन लागते. लाटेबरोबर होडी वर आली की पाऊल टाकायचं. दारात उभा असलेला खलाशी आपला पंजा धरत नाही, मनगट धरतो. ओल्या हाताला पंजा निसटतो, मनगट निसटत नाही. तो ‘आता’ म्हणतो, आणि नेमक्या त्याच वेळी आपल्या ग्रुपमधल्या एखाद्या काकू ‘अहो, माझी पिशवी!’ म्हणून मागे वळतात. होडी हातभर खाली गेलेली असते. खलाशी चकार शब्द काढत नाही, पुढच्या लाटेकडे बघत राहतो. पिशवीत मेथीचे ठेपले आणि कैरीचं लोणचं. स्थानिक संस्कृतीचा अनुभव घ्यायला निघालेला माणूस आठवड्याची शिदोरी बांधूनच निघतो.

स्नॉर्केलिंग म्हणजे तोंडात नळी धरून गप्प राहणं. हाच आमच्या लोकांना अवघड जाणारा भाग. दोन मिनिटांत नळी निघते, ‘अगं, ते निळं बघ, निळं!’ सुरू होतं, आणि बोलायला उभं राहायचं तर पायाखाली काहीतरी हवं, म्हणून माणूस प्रवाळावर उभा राहतो. त्याला तो दगड वाटतो. तो जिवंत प्राणी आहे आणि वन्यजीव कायद्यात २००१ पासून वाघाच्याच पंक्तीत, पहिल्या अनुसूचीत बसलेला आहे. ताडोब्यात वाघाच्या पाठीवर उभं राहून कोणी सेल्फी काढल्याचं अजून कानावर आलेलं नाही. १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये समुद्र तापून इथलं प्रवाळ पांढरं पडलं. आगत्ती, कदमत, कवरत्तीभोवतीचं जिवंत प्रवाळ १९९८ ते २०२२ या काळात जवळपास निम्म्यावर आलं. पांढरं प्रवाळ बघून आमच्याकडची दाद, ‘काय स्वच्छ ठेवलंय!’

स्वच्छ म्हणावी अशी ती पांढरीशुभ्र वाळू. पोपटमासा आपल्या चोचीने प्रवाळाचा पृष्ठभाग खरवडतो, घशात दळतो, त्यातलं शेवाळ पचवतो आणि उरलेली भुकटी मागच्या बाजूने सोडून देतो. किनाऱ्यावरच्या वाळूत तिचा वाटा मोठा आहे. प्री-वेडिंगवाल्यांनी त्यात खुशाल लोळावं. फोटोला वास येत नाही.

कासवांचंही तेच. वेळासला पिल्लं समुद्राकडे निघालेली बघून डोळे पाणावलेले लोक आगत्तीला हिरवं कासव दिसलं की हात जोडतात. तिथल्या मच्छीमाराचं मत विचारू नये. लगूनमधलं समुद्रगवत ही कासवं चरून फस्त करतात, गवत गेलं की त्याच्या आडोशाने वाढणारे मासेही जातात. कोकणातल्या शेतकऱ्याला रानडुकराबद्दल जे वाटतं, तेच त्याला कासवाबद्दल वाटतं. ‘निसर्गाशी एकरूप झालेले बेटवासी’ हे वाक्य माहितीपत्रकातच बरं दिसतं.

आता संस्कृती. ती चहाबरोबर येते. काथ्या वळून दाखवतात, कोलकळी होते, मिनिकॉयला लावा नाच. आमचा माणूस शेजारच्याला विचारतो, ‘अस्सल आहे ना?’ आणि कडेला बसलेल्या म्हाताऱ्याचा ‘साधाभोळा आदिवासी’ म्हणून फोटो काढतो. मिनिकॉयच्या पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या जगभरच्या मालवाहू जहाजांवर नोकऱ्या केल्या आहेत. भोळ्या म्हाताऱ्याने हॅम्बुर्ग पाहिलेलं असायची दाट शक्यता आहे. फोटो काढणाऱ्याची मजल लोणावळ्यानंतर थेट इथेच.

तिथल्या बायकांना तर आमच्या बायका हळूच विचारतात, ‘तुम्हाला फार बंधनं असतील ना?’ ही बेटं मुस्लिम, पण वंश चालतो आईकडून. घराणं आईचं, घर आईकडचं आणि जुन्या रीतीप्रमाणे नवरा रात्रीपुरता बायकोच्या घरी येणार, सकाळी आपल्या आईकडे परतणार. धर्म आणि मातृवंश एका घरात कसे नांदतात, यावर मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांचं पुस्तक १९६९ साली आलं, कल्पेनी बेटावरचं. दुबे माहेरच्या आंबर्डेकर, गायिका सुमती मुटाटकरांच्या धाकट्या बहीण. म्हणजे आपल्याच घरातलं माणूस सांगून गेलंय, वाचायचं राहिलं इतकंच. प्रश्न विचारणाऱ्या ताईंचा फ्लॅट कोणाच्या नावावर आहे, हे त्या बेटावरच्या बाईने विचारलं नाही. आतिथ्य म्हणतात ते हेच.

राहता राहिलं जेवण, आणि इथे खरी ठिणगी पडते. बेटांवर टूना. रश्श्यात टूना, भातात टूना आणि उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवलेला टूना म्हणजे मासमीन, जे महिनोन्‌महिने टिकतं. तिसऱ्या दिवशी कोणीतरी शोध लावतं, ‘अहो, हा तर आपला कुपा!’ आणि सुरमई-पापलेटावर वाढलेल्या मंडळींच्या चेहऱ्यावर फसवणूक झाल्याचा भाव येतो. इतके पैसे मोजून कुपा?

तो कुपा धरतात कसा, हे पहाटे होडीवर जाऊन कोणी बघत नाही. जिवंत छोटी मासळी पाण्यात फेकायची, वरून पाण्याचे शिंतोडे उडवायचे म्हणजे मोठा थवा आहे असं टूनाला वाटतं, आणि मग एक माणूस, एक काठी, एक गळ, एक मासा. जाळं नाही. पोट बाहेरच्या खोल समुद्रावर चालत होतं, म्हणून रीफच्या वाटेला फारसं कोणी जात नव्हतं. आज आम्ही जे रंगीत मासे बघायला जातो, ते इतकी वर्षं टिकले त्याचं बरंचसं श्रेय या कंटाळवाण्या कुप्याला. अलीकडे रीफवरची मासेमारी वाढू लागली आहे, आणि चौथ्या संध्याकाळी आमचा ग्रुप-लीडर आचाऱ्याला बाजूला घेऊन विचारतोच, ‘तांबोशी, हेकरू, काहीतरी वेगळं बघा की. पैशांचं काय ते बघू.’

आचारी काहीतरी वेगळं आणतो. ताटातल्या माशाला चोच दिसली तर दचकू नये, सकाळीच ओळख झालेली आहे. लिंबू पिळा.