‘९९९९९९९ इन १’च्या लेबलकर्त्यास अनावृत पत्र

रा. रा. लेबलकार महाशय यांसी,

स. न. वि. वि.

आपलं नाव ठाऊक नाही, हा आमचा दोष नव्हे. कॅसेटवर आपण सगळं छापलंत, तेवढं एक सोडून.

नव्वदच्या दशकात घरोघरी टीव्हीला जोडलेल्या त्या डब्यांत ज्या गेमच्या कॅसेटी खोचल्या जात, त्यांची सूची करायला इथे नाशिकात आम्ही काही मंडळी बसलो आहोत. सूची म्हणजे आधी रकाने ठरवायचे: गेमचं नाव, काढणारी कंपनी, साल, देश, यंत्र. हाताला पहिली लागली ती आपली पिवळी कॅसेट. एका कोटीला एक कमी! तो एक कमी ठेवण्यातला आपला विनय आम्हाला फारच भावला. सेकंदाला एक नाव वाचलं तरी यादी संपायला जवळजवळ ११६ दिवस लागतील, तेही अखंड जागून.

चालू केली तर समुद्रकिनारा, माड, उडणारे पक्षी आणि लांबलचक यादी. त्यातले खरे गेम बोटांवर मोजावेत इतके. बाकी सारा त्यांचाच गोतावळा. आपल्या मेनूतला छोटासा प्रोग्राम मेमरीतला एखादा आकडा बदलतो आणि तोच मारिओ मधल्याच लेव्हलपासून धावायला लागतो. झाला नवा गेम! आता आपणच सांगा, आम्ही नोंदी किती करायच्या?

सूचीशास्त्राने याचा विचार केला नाही असं नाही. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९८ साली चार पायऱ्या मांडल्या: कृती, तिचं रूप, तिची आवृत्ती आणि हातातली प्रत. गेमला हे चपखल बसतं. कोनामीचा ‘कॉन्ट्रा’ १९८७ साली आर्केडवर आला, १९८८ मध्ये घरच्या यंत्रावर. युरोपात गेला तेव्हा सैनिकांचे यंत्रमानव झाले आणि नाव पडलं ‘प्रोबोटेक्टर’. त्यातून त्याच घरच्या यंत्राच्या जपानी रूपाच्या, फॅमिकॉमच्या, कॅसेटला ६० पिना, तर अमेरिकी रूपाच्या, एनईएसच्या, कॅसेटला ७२; एकाची कॅसेट दुसऱ्यात जात नाही. डोकेदुखी आहे, पण प्रामाणिक डोकेदुखी आहे. नाव कुणी बदललं आणि कुठे, हे शोधलं तर सापडतं. आपल्या व्यवसायबंधूंनी मात्र टायटोच्या १९९१च्या ‘फ्लिंटस्टोन्स’ गेममधल्या फ्रेडच्या धडावर मारिओचं मुंडकं बसवलं आणि पडद्यावर लिहिलं ‘७ ग्रँड डॅड’. त्याआधीचे सहा आम्ही अजून शोधतो आहोत.

आवृत्तीचा घोळ किती महागात पडतो, हे आम्हा नाशिककरांना कुणी सांगायला नको. आमच्या त्र्यंबकच्या फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची, १९१३ची, म्हणून जी रिळं दाखवली जातात, ती त्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या चित्रपटाची असावीत, असं काही अभ्यासक मानतात. भारतातल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या कथापटाची ही गत, मग आपल्या कॅसेटीची काळजी कोण करणार? नाइलाजाने आम्ही करतो आहोत.

तर आपल्या सन्मानार्थ आम्ही नावाच्या एका रकान्याचे तीन केले. लेबलवर काय छापलं आहे. पडद्यावर काय उमटतं. आत खरोखर काय आहे. पहिल्यातलं काहीही सुधारायचं नाही, आपले सातही नऊ जसेच्या तसे उतरवायचे. तिसऱ्यासाठी आतला डेटा संगणकावर घेऊन त्याचा चेकसम, म्हणजे त्या डेटाचा जणू बोटाचा ठसा, काढायचा. त्यापुढे एका बिटाचाही फरक लपत नाही. लेबलं दोन, आकडे दोन आणि चेकसम एकच, असं निघालं की आपली कल्पकता कुठे संपते ते आपोआप कळतं. चौथा रकाना लोकांच्या तोंडच्या नावाचा ठेवला, कारण नाम्कोच्या ‘बॅटल सिटी’ला आमच्या गल्लीत त्या नावाने कुणी ओळखत नसे. तो ‘टँक’. हा रकाना आपल्यामुळे नाही, उगाच श्रेय घेऊ नका. आणि प्रतीच्या स्थितीच्या रकान्यात कुणीतरी भरलं आहे: ‘दोनदा फुंकर मारल्यावर चालते.’ ते खोडायचं नाही असं एकमताने ठरलं.

उरलं साल, स्थळ, प्रकाशक. वस्तूवर नसलेली माहिती सूचीकाराने स्वतःच्या जबाबदारीवर भरली, तर ती चौकटी कंसात घालण्याची रीत आहे. आपली नोंद सध्या अशी दिसते: [स्थळ अज्ञात], [प्रकाशक अज्ञात], [१९९?]. अख्ख्या नोंदीत कंसाबाहेर उभी राहिलेली एकच गोष्ट आहे, आणि ती धादांत खोटी आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
नाशिकचा एक सूचीकार

ता. क. उत्तर धाडलंत तर पत्रावर तारीख घाला. खोटी असली तरी चालेल, तिच्यासाठी रकाना आहे.