निधी आमचा, श्रेय सांताचं

महाराष्ट्रात श्रेय लाटण्याची परंपरा जुनी आणि समृद्ध आहे. उड्डाणपूल एकाच्या काळात मंजूर होतो, दुसऱ्याच्या काळात रखडतो आणि तिसरा येऊन नारळ फोडतो. पण या तमाम दादा-भाऊ-साहेबांनी ज्याच्याकडे शिकवणी लावावी, असा एक गृहस्थ दर डिसेंबरात आमच्या घरी येऊन जातो. नारळ नाही, फीत नाही, भाषण नाही. खरं तर प्रत्यक्ष हजेरीसुद्धा नाही. तरी पंचवीस तारखेला सकाळी जयघोष त्याच्याच नावाचा. निधी शंभर टक्के पालकांचा, अंमलबजावणी पालकांची, देखभाल-दुरुस्ती पालकांची. सौजन्य मात्र मा. सांताक्लॉज यांचं.

हा इसम आमच्याकडे शाळेच्या परिपत्रकातून शिरला. तोवर नाताळ म्हणजे आम्हाला शाळेची सुट्टी आणि कॅम्पातल्या बेकरीसमोरची केकची रांग, एवढाच ठाऊक. मग एके वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर फर्मान आलं: मुलांना लाल कपड्यांत पाठवावे, सोबत दीडशे रुपयांपर्यंतची भेटवस्तू रंगीत कागदात गुंडाळून द्यावी आणि देणाऱ्याचे नाव त्यावर लिहू नये. नाव लिहू नये! म्हणजे पालकांना योजनेतून वगळण्याची सुरुवात इथून झाली. पाठोपाठ प्लॅस्टिकचं झाड आलं. २०१८ साली थर्मोकोलच्या मखरांवर बंदी आल्यापासून आमच्या माळ्यावर जागा मोकळीच होती. आता तिथे हे झाड गणपतीच्या चौरंगाशेजारी अकरा महिने आडवं असतं. शाळेच्या कार्यक्रमात थोरलीने 'जिंगल बेल्स'वर नाचही केला. १८५७ साली छापलेल्या या गाण्यात नाताळचा उल्लेख एकदाही नाही. (त्या वर्षी आपली माणसं वेगळ्या कामात गुंतली होती, म्हणून लक्ष गेलं नसावं.)

खरं तर मूळ माणूस भला होता. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे बिशप संत निकोलस. एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्नं हुंड्यावाचून अडली होती, तेव्हा निकोलसनी रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकल्या, अशी आख्यायिका आहे. पैसे स्वतःचे आणि नाव कोणाचंच नाही, याला म्हणतात गुप्तदान. पुढे हा संत हॉलंडमार्गे अमेरिकेत पोचला, तिथे त्याला पोट सुटलं, आणि १९३१ पासून कोकाकोलाच्या जाहिरातींनी आज दिसतो तो गुबगुबीत, गुलाबी गालांचा चेहरा जगभर पक्का करून टाकला. गुप्तदान करणाऱ्याचा फोटो जाहिरातीत यायला लागला की पुढे काय होतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

तर यंदा थोरलीने, म्हणजे वय वर्षं सात, सांताला पत्र लिहिलं. पत्र उशीखाली ठेवायचं असतं. सेन्सॉरची व्यवस्था तिथे सोपी पडते. मजकूर असा: 'मला लेगोचा मोठा किल्ला पाहिजे. बाबांकडे मागितला असता, पण त्यांना परवडणार नाही. तुला कुठे विकत घ्यावा लागतो? धाकट्याला काहीही चालेल, पण आवाज करणारं आण, नाहीतर तो माझं घेईल.' वाचून घरातल्या अर्थखात्यात बराच वेळ कोणी बोललं नाही. पोरगी गुणी आहे हो. बापाच्या खिशाचा विचार करून तिने तो खर्च बाहेरच्या संस्थेकडे वळवला.

आता तिला कोणी सांगावं, की परदेशी खेळण्यांवरचं आयातशुल्क सरकारने २०२० साली २० टक्क्यांवरून थेट ६० वर नेलं आणि २०२३ साली ७० वर? रेनडिअरच्या गाडीला ते लागू नसेल; आमच्या क्रेडिट कार्डाला आहे. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का सक्तीचा झाला. परदेशातल्या कारखान्याला तो हवा असेल तर भारतीय मानक ब्युरोचे लोक तिथे जाऊन कारखाना तपासतात. उत्तर ध्रुवावर असा दौरा निघाल्याचं ऐकिवात नाही. निघाला असता तर सपत्नीक जायला रांग लागली असती. म्हणजे कायद्याने पाहिलं तर सांताचा माल बेकायदा, आणि तो घरात दडवून ठेवणारे आम्ही साथीदार.

आजीचं म्हणणं वेगळं. नोंदणी केलेल्या हस्तकला कारागिरांना या शिक्क्यातून सूट आहे, हे मी तिला सांगितलं ते चूक की बरोबर हे ठरायचंय. तिने लगेच सावंतवाडीच्या चितार आळीतून आणलेली लाकडी फळं फडताळातून बाहेर काढली. केळी, आंबा, सीताफळ; रंग अजून झकास. "यांना सेल लागत नाहीत, चार्जर लागत नाही, नि तुझा तो जकातवाला पण लागत नाही." मी तिला माहिती दिली, की लेगोवाला ओले कर्क क्रिस्टियानसेन हाही डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचा मुळात सुतारच, १९३२ साली त्यानेही लाकडी खेळण्यांपासूनच सुरुवात केली होती. "मग आपल्या सुताराने काय घोडं मारलंय?" आजी म्हणाली. या प्रश्नावर एक उच्चस्तरीय समिती नेमता येईल. किल्ला दुसऱ्या दिवशी मागवला.

आमच्याच मजल्यावर वसईच्या काकू राहतात. पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती, नि मराठी आमच्यापेक्षा खणखणीत. सोसायटीत डिसेंबरभर जो गदारोळ चालतो, त्यातलं सगळ्यात शांत घर त्यांचं. "आमच्या लहानपणी कुठला सांता नि फांता," त्या म्हणतात, "नवे कपडे नि मध्यरात्रीचा मिस्सा." त्यांच्याकडे दोन गोष्टी असतात: गोठा आणि कुलकुल. कुलकुलाची कणीक त्या आमच्या पोरांपुढे टाकतात आणि हातात एकेक काटा देतात. गोळी काट्याच्या दातांवर दाबायची आणि हलकेच गुंडाळत आणायची, की शिंपल्यासारखी रेघारेघांची वळी होते. जमलेली तळायला जाते, बिघडलेली पुन्हा गोळा होते. एरवी एका जागी पाच मिनिटं न टिकणारा धाकटा तिथे अख्खी दुपार मांडी ठोकून बसला. खेळण्याच्या खोक्यावर 'हस्तकौशल्य विकसित होते' असं छापून आमच्याकडून जे हजारो रुपये काढतात, ते काकू कणकेत उरकतात.

गोठ्यात मारिया होती, योसेफ होता, मेंढ्या होत्या. गव्हाण तेवढी रिकामी. बाळ येशू चोवीसच्या मध्यरात्रीशिवाय ठेवत नाहीत. धाकट्याला ते पटेना. बाळ नाही, दाराला कडी नाही, आणि पहारा कोण देणार? तो घरी धावला आणि दिवाळीच्या किल्ल्यावरचा एक मावळा घेऊन आला. ढाल-तलवारवाला, नाक उडालेला. गोठ्याच्या दारात उभा केला. मी ओशाळून उचलायला गेलो तर काकू म्हणाल्या, "राहू दे रे. बाळाच्या जिवावर उठलेल्या हेरोद राजाचा भरवसा नाही."

चोवीसच्या संध्याकाळी सोसायटीचा सार्वजनिक सांता आला. फाटकावर फ्लेक्स होता. त्यात प्रभागातल्या एका इच्छुकांचा हात जोडलेला फोटो सहा फुटी, मागे डझनभर शुभेच्छुक, आणि कोपऱ्यात आधार कार्डाएवढा सांता. श्रेयाच्या क्षेत्रात सांताला तोड देणारं कोणी असेल तर ते हे इच्छुकच, हे पाहून जरा बरं वाटलं. सांस्कृतिक समितीकडे लाल झगा एकच आहे आणि तो फक्त सेक्रेटरींना होतो. हेच सेक्रेटरी मे महिन्यात पार्किंगमधून मुलांचे चेंडू जप्त करतात. दाढी लावून, घंटा वाजवत, 'हो हो हो' करत ते मुलांमध्ये आले. थोरल्या मुलांनी चॉकलेटं घेतली. धाकट्याने चपला पाहिल्या, मग वर पाहिलं आणि हात पुढे केला, "माझा चेंडू दे."

खरं काम रात्री अकरानंतर. धाकट्यासाठी आगीचा बंब आणला होता. तो पुठ्ठ्याला तारांनी आवळलेला असतो, आणि त्यातली एक तार हमखास मागच्या चाकाच्या आत, जिथे बोट जात नाही आणि कात्री वळत नाही. सेलच्या झाकणाला बारीक स्क्रू. तो तसाच हवा. एखाद्या खेळण्यातला चपटा गोल सेल पोराने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, तेव्हा स्क्रूबद्दल ब्र काढणार नाही. माझी तक्रार घरातल्या स्क्रूड्रायव्हरांबद्दल आहे. ते एकतर फार मोठे असतात किंवा शेजाऱ्यांकडे असतात. शेवटी बायकोने सुरीच्या टोकाने स्क्रू काढला, टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून बंबात घातले, आणि बटण आधीपासूनच चालू आहे हे आम्हाला बंबाने सांगितलं. निळे दिवे, सायरन आणि मागोमाग कुठल्याशा भाषेतलं गाणं. मी त्याच्यावर उशी टाकली, उशीवर मी बसलो. खालून गाणं चालूच. आतल्या खोलीतून आजीचा आवाज आला, "टँकर आला का रे? बादल्या लावू?"

मग किल्ल्याचं खोकं. मी टॉर्च धरला, बायकोने कागद चढवला, दुमडी इस्त्रीच्या. मी चिकटपट्टीचं टोक शोधत होतो.

सकाळी झाडाखाली एकच कल्लोळ झाला. थोरलीने मामाला फोन लावला, आत्याला लावला: सांताने दिलं, सांताने दिलं. मी मधेच अगदी नम्रपणे सुचवलं, की या कामी स्थानिक पातळीवरही थोडाफार पाठपुरावा झाला होता. बायकोने कोपर मारलं. काकूंकडून नेवऱ्यांचं ताट आलं. आजीने एक फोडून, चव घेऊन जाहीर केलं की ही करंजीच आहे, फक्त खोबरं सढळ आहे, आणि ताट रिकामं पाठवायचं नाही म्हणून तिळाचे लाडू भरून परत धाडले. काकूंनी मावळाही सोबत परत केला होता. मध्यरात्री पहारा बदलला, असा निरोप होता.

सहा जानेवारीला बंबाची शिडी तुटली. अशा वेळी सांताचं कार्यालय बंद असतं. "आपल्या बाबांना सांग," असं धाकट्याला सगळ्यांनी सांगितलं. बरोबर आहे. उद्घाटन त्यांचं, खड्डे आमचे.

शिडी चिकटवण्यासाठी मी बंब उलटा केला, तर पोटाला दुकानाची चिठ्ठी. थोरली आता वाचायला चांगली लागली आहे. तिने नाव वाचलं, किंमत वाचली. "हे तर कोपऱ्यावरचं दुकान. सांता इथून घेतो?"

"त्याचं तिथे खातं आहे," बायको म्हणाली.

"मग पैसे कोण भरतं?"

मी गोंदाची ट्यूब खाली ठेवली. शर्ट नीट केला. अखेर न्याय मिळण्याची वेळ आली होती. थोरलीने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, कपाटातून नाताळचा घडी घालून ठेवलेला कागद काढून त्याच्या दुमडी तपासल्या आणि आईच्या गळ्यात पडली.

"मला कळलं. सांता म्हणजे तूच!" मग माझ्याकडे वळून, समजुतीच्या सुरात: "बाबा तर असूच शकत नाहीत. त्यांना चिकटपट्टीचं टोक कुठे सापडतं?"