अखंड नादाची तजवीज

विलंबित ख्याल आणि त्याच रागातील द्रुत बंदिश यांच्यामध्ये अर्ध्या क्षणाची शांतता पेरून श्रोत्यास दम खाण्याची सवलत देणाऱ्या मोबाईलचे उपकार मुलुंडकर रसिकांनी मानावेत तितके थोडेच. तथापि २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचे संगीत ब्लूटूथच्या नाक्यावर बहुतेक ऐवज जकातीदाखल भरून कानी उतरवणारी ही मंडळी त्या जकातीविषयी चकार शब्द न काढता फिर्याद गुदरतात ती नेमकी त्या अर्ध्या क्षणाची. त्यांच्यासाठी उपायांचा जाबता तयारच आहे: क्रॉसफेड बंद करावे, गाणी आगाऊ डाऊनलोड करावीत, ॲप अद्ययावत करावे आणि फोन बंद करून पुनश्च सुरू करावा.

इतक्यानेही ज्यांचे समाधान होणार नाही, त्यांनी इअरफोन काढून खिडकी तेवढी उघडावी. शेजारच्या पुनर्विकासाचा ब्रेकर चहूंबाजूंनी, शिवाय डोक्यावरूनही निनादतो. त्यात तिळमात्र खंड नाही, मासिक वर्गणी नाही, आणि निवासी क्षेत्रास दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा घालणारी सन २००० ची नियमावली श्रोत्यांच्या सोयीसाठी आधीच म्यूट करून ठेवलेली आहे.